घरची बिस्किटं, सणाला वाटायला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली, लेकरांचा तान्हा पोळा आला, कोणाच्या घरी नामकरण किंवा तेरवी निघाली, की बिस्किटांचे हे प्रश्न हमखास विचारले जातात. विदर्भातल्या खेड्यातल्या घरात, गॅसवर किंवा चुलीवर, शेतातल्या मालातून बिस्किटं करणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: पीठ भिजवायच्या आधी ही बिस्किटं कोणाच्या हातात जाणार ते ठरवा. बुढ्या आजीला लागणारं बिस्किट वेगळं, पुण्याला शिकणाऱ्या पोराच्या डब्यातलं वेगळं आणि कापूस वेचणीच्या बायांना दुपारच्या चहासोबत द्यायचं वेगळं. खाणारा ठरला की तूप किती, गोड किती, जाडी किती हे आपोआप ठरतं.

कधीच केली नाहीत. सुरुवात कशापासून करू?

नानकटाईपासून. लाटायची नाही, साचा नको, अंडं नको, आणि चुकली तरी खाण्याजोगी राहते.

मैदा १७५ ग्रॅम, चण्याच्या डाळीचं पीठ ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, तूप १४० ग्रॅम, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलचीपूड. एवढ्यात मध्यम आकाराची तीसेक बिस्किटं होतात. तराजू नसेल तर किराणा दुकानातून एकदा मोजून आणा आणि घरच्या वाटीवर खूण करून ठेवा. वाटी मात्र पुढे तीच वापरायची.

सगळी खरी मेहनत तुपात आहे. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ केलेलं तूप चालत नाही. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने फेसायला लागा. आधी ते पिवळसर आणि दाणेदार दिसतं, हाताला साखर लागते. दहाएक मिनिटांनी रंग पांढरट होतो, दाणा विरतो आणि मिश्रण फुलून हाताला हलकं लागतं. इथपर्यंत आल्याशिवाय पीठ घालू नका. फेसताना तुपात हवा धरली जाते आणि त्या हवेनेच नानकटाई खुसखुशीत होते. पीठ घातल्यावर उलट वागायचं: मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्किट दाताला कडक लागतं. गोळा फाटत असेल तर एक चमचा दूध, त्याहून जास्त नाही. पेढ्याएवढे गोळे करा, जरा दाबा, वर चारोळी लावा आणि १७० अंशावर पंधरा ते अठरा मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर बोटाला मऊच लागतील. ते कच्चेपण नाही, गार झाल्यावर घट्ट होतात.

दिवाळीची बिस्किटं भट्टीवरून करून आणावी की घरीच करावी?

पाच-सहा किलोचा घाणा असेल तर भट्टी. तालुक्याच्या बेकरीत आपलं सामान देऊन बिस्किटं भाजून आणायची पद्धत चांगली आहे, आणि दिवाळीच्या आठवड्यात तिथे बायांची जी रांग लागते तिच्यात वर्षभर न भेटलेल्या माहेरच्या मैत्रिणीही भेटतात. पण काही गोष्टी पाळा. तूप, साखर, कणिक (गव्हाचं कोरडं पीठ) घरून मोजून न्या आणि प्रमाण चिठ्ठीवर लिहून न्या. भट्टीवाले बहुतेक वेळा खाण्याचा अमोनिया घालतात. त्याने पातळ बिस्किटं छान फुलतात, पण जाड बिस्किटात त्याचा वास अडकून राहतो. नको असेल तर आधीच सांगा आणि बेकिंग पावडर सोबत न्या. मिश्रण होताना तिथेच थांबा.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते परतताना. गरम बिस्किटं तेलाच्या डब्यात भरून झाकण लावलं की वाफ आत कोंडते आणि घरी येईपर्यंत सगळी नरम पडतात. तिथेच कागदावर पसरा, पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. एसटी सुटली तरी चालेल.

एक-दोन किलोसाठी भट्टीची वारी कशाला? घरीच करा.

ओव्हन नाही. कढईत होतात का?

होतात, आणि चांगली होतात. जाड बुडाची कढई किंवा मोठा गंज (पातेलं) घ्या. तळाशी बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर ताटली टेकवायला एखादी बुटकी कडी ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. बिस्किटं तूप लावलेल्या ॲल्युमिनियमच्या ताटलीत मांडा, प्रत्येकात दोन बोटं अंतर ठेवा, ताटली कडीवर अलगद ठेवा आणि आच मंद करा. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. ते मीठ पुन्हा याच कामाला ठेवा, स्वयंपाकात घालू नका. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा, आणि आत पाणी अजिबात नको. नॉनस्टिकचं भांडं असं कोरडं तापवू नये.

कढईतल्या बिस्किटांचा वरचा रंग फिकाच राहतो, कारण उष्णता खालून येते. रंगाची वाट पाहत बसलात तर बूड जळेल. एक बिस्किट सराट्याने (उलथण्याने) उलटून बघा. खालून बदामी झालं असेल तर झालं. चुलीवर करत असाल तर जाळ ओढून घ्या, नुसत्या निखाऱ्यावर भांडं ठेवा आणि थोडे निखारे झाकणावरही ठेवा. वरून रंग येतो.

मध्येच लाइन गेली तर?

 अर्ध्याहून जास्त भाजली गेली असतील तर ओव्हनचं दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर बहुतेक होऊन जातात, नंतर पाच मिनिटं झाकणाच्या कढईत ठेवली की पुरे. नुकतीच आत ठेवली असतील तर ताटली काढून गार जागी ठेवा आणि लाइन आल्यावर ओव्हन पुन्हा तापवून मग भाजा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा ओव्हन तापायलाच वेळ लागतो, म्हणून घाणे दुपारी काढा.

शेतातली ज्वारी, जवस, सोयाबीन आहे. ती वापरता येतील का?

जरूर वापरा. घरात पोत्यांनी धान्य असताना सगळी बिस्किटं मैद्याचीच करायची, हे मला पटत नाही. मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

ज्वारीच्या पिठात चिकटपणा धरणारं ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या ज्वारीचं बिस्किट उचलतानाच भुरभुरतं. ज्वारी १५० ग्रॅम आणि कणिक १०० ग्रॅम असं मिसळा. ज्वारीचं पीठ आधी मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. तूप १३० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर, मूठभर भाजलेले तीळ, आणि लागेल तसं दूध. भिजवल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवा म्हणजे पीठ ओल धरतं. पीठ ताजंच हवं. जुन्या ज्वारीच्या पिठाला कडवट चव येते आणि ती कोणत्याही वेलचीने झाकत नाही.

जवस भाजून, जाडसर कुटून घाला, पाव किलो पिठाला दोन मोठे चमचे. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून ही बिस्किटं आठवड्याभरात संपवायची. दूरगावी पाठवायला ही नकोत.

सोयाबीनबाबत मात्र कडक राहा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं नीट पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. दाणे निवडून, उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, सालं चोळून काढा, उन्हात कडक वाळवा, भाजा आणि मग दळा. चक्कीवर कच्चं सोयाबीन गव्हात टाकून आणलेलं पीठ लेकरांच्या बिस्किटांना वापरू नये. नीट केलेलं पीठही एकूण पिठाच्या दहाव्या हिश्श्याएवढंच घाला, नाहीतर हिरवट वास पुढे येतो.

संत्र्याची बिस्किटं कशी करायची? रस घातला तर चव येत नाही.

रसात पाणी जास्त आणि वास कमी. वास सालीतल्या तेलात असतो. संत्रं कोमट पाण्याने चोळून धुवा, पुसा आणि बारीक किसणीवर नुसता नारंगी भाग किसा. खालचा पांढरा भाग आला की कडूपणा आला. दोन संत्र्यांचा कीस पिठीसाखरेत बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि केशरी दिसू लागेल. हीच साखर नानकटाईत वापरा, वेलची घालू नका. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळा साली सावलीत वाळवून पूड करून ठेवली तर पोळ्यालाही कामी येते.

पूर्वेकडे, गडचिरोली-गोंदियाकडे, वाळलेली मोहफुलं घालून करतात. फुलं आतला कचरा आणि केसर काढून निवडा, धुवा, वाळवा, भाजून कुटा. मोह मुळातच गोड, म्हणून साखर निम्मी करा. चारोळीही तिकडचीच घ्या, जंगलातून ती वेचून फोडणाऱ्या बायांकडून मिळाली तर फारच चांगलं.

डालडा स्वस्त पडतो. तूपच पाहिजे का?

रोजच्या खाण्याला नाही, पण सणाला वाटायच्या बिस्किटांना मी तूपच वापरा म्हणेन, मग संख्येने थोडी कमी झाली तरी चालेल. वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असतं, हृदयाला घातक. देशात तेल-वनस्पतीमधलं त्याचं प्रमाण जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे, त्यामुळे पाकीटबंद माल आधीपेक्षा बरा. सुट्टा घेऊ नका. तुपाचं घरी जमत नसेल तर अर्धं तूप, अर्धं फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) घालून कणकेची बिस्किटं करा. ती कमी खुसखुशीत होतात पण चहात बुडवायला छान लागतात.

सोडा घालू की बेकिंग पावडर?

सोड्याला फुलायला आंबट लागतं. दही किंवा ताक असेल तरच सोडा घाला. दही नसताना सोडा घातला तर साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरमध्ये आंबट आधीच असतं.

बिस्किटं पसरून पोळीसारखी होतात. का?

तूप पातळ होतं किंवा जास्त झालं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तूप परातीतच वितळतं. उन्हाळ्यात लग्नसराईसाठी करायची असतील तर पहाटे करा, आणि गोळे ताटलीत मांडून अर्धा तास फ्रिजमध्ये किंवा माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवा. ओव्हन किंवा कढई पुरती तापलेली नसेल तरी पसरतात, कारण बिस्किट घट्ट व्हायच्या आधी तूप सुटतं.

फुटत असतील तर तूप किंवा ओल कमी पडली. दगडासारखी झाली तर जास्त मळलं किंवा जास्त भाजलं.

तान्ह्या पोळ्याला लेकरांना बोजाऱ्यात, म्हणजे दारी आल्यावर हातावर ठेवतो त्या भेटीत, बिस्किटं द्यायची आहेत. काय काळजी घ्यावी?

किती छान विचार आहे हा! लाकडी बैल सजवून दारोदार येणाऱ्या लेकरांच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवतोच आपण, त्यासोबत घरचं बिस्किट मिळालं तर ते त्या घराला लक्षात ठेवतात.

अडचण हवामानाची. पोळा श्रावणी अमावस्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. म्हणजे भर पावसाळा, हवेत ओल. नानकटाई त्या दिवसांत चार तासांत नरम पडते. म्हणून कणकेची, जरा कडक आणि पातळ लाटलेली बिस्किटं करा: कणिक २५० ग्रॅम, तूप ११० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि घट्ट गोळा होईल एवढंच दूध. दोन पोळ्यांएवढ्या जाडीची लाटा. बैलाचा आकार हवा असेल तर पुठ्ठ्याचा बैल कापून पिठावर ठेवा आणि सुरीच्या टोकाने कडेने फिरवा. शिंगं आणि पाय जाडच ठेवा, बारीक केले की आधी जळतात आणि मग तुटतात. डोळ्याला एक मिरी लावायचा मोह होतो, पण लहानग्यांच्या घशाचा विचार करून तीळ लावा.

आदल्या रात्री भाजा आणि सकाळी पुन्हा पाच मिनिटं १५० अंशावर गरम करा. दोन-दोन कागदी पुडीत बांधून ठेवा, म्हणजे दारात गर्दी झाली तरी कोणाला कमी-जास्त जाणार नाही. आणि गल्लीतल्या लेकरांपेक्षा जास्तच करा. शेजारच्या वस्तीतलीही येतात, कोणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये.

घरी शुगरवाले आहेत, दात नसलेल्या आजी आहेत, रांगतं बाळ आहे. सगळ्यांना एकच चालेल का?

नाही. दात नसलेल्यांना नानकटाई उत्तम, तोंडात विरते. शुगर असलेल्यांसाठी गूळ घातला म्हणजे चाललं, असं समजू नका. गुळानेही साखर वाढते आणि पिठानेही. त्यांच्यासाठी तिखट-मिठाची करा: ज्वारी, कणिक, ओवा, जिरं, कुटलेला लसूण, मीठ. तीही दोनच. पाहुण्यांसमोर त्यांच्या ताटात वेगळं काही ठेवलंय असं दिसू नये म्हणून ती सगळ्यांसाठीच मांडा. बहुतेकदा तीच आधी संपतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काही देऊ नका, आणि दोन वर्षांपर्यंत साखर शक्यतो नकोच.

अंडं घालू का? उपवासाला काय?

वाटायची असतील तर अंडं नको. तुमच्या घरी चालतं, पण डबा कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. घातलंच तर देताना तोंडाने सांगा.

उपवासाला राजगिऱ्याचं पीठ, तूप, पिठीसाखर आणि फल्लीदाण्याचा कूट. काही घरांत उपवासाला सोडा किंवा बेकिंग पावडर चालत नाही, म्हणून न घालताच करा. जरा बसकी होतात, चवीला छान.

गुळाची बिस्किटं ओली राहतात.

गूळ हवेतली ओल ओढतो. किसलेला गूळ थोड्या गरम दुधात विरघळवा, गाळा, गार करा आणि मगच पिठात घाला. आच थोडी कमी, वेळ थोडा जास्त.

वाटायची कशी? कोणाला किती?

याला माप नाही, पण काही रीत आहे. शेजारी, सालगडी, दूधवाला, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचा शिपाई, दिवाळीत घराला हात लावून गेलेले सगळे. डबा फराळासोबतच द्या, चिवड्याला चिकटू नये म्हणून बिस्किटं वेगळ्या पुडीत. सोबत घरच्या तुरीची डाळ किंवा चार संत्री ठेवली तर वानोळा पुरा झाला. सालगड्याला किंवा मजूर बायांना उरलेलं, तुटलेलं देऊ नका. तुटलेली आपल्या घरात खा.

ज्या घरी वर्षभरात कोणी गेलं आहे, तिथे पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. त्या घरी फराळ आपणच न्यायचा असतो. तिथे बिस्किटं बरी पडतात, कारण ती सणाच्या पक्वान्नासारखी वाटत नाहीत, आल्या-गेल्याला चहासोबत देता येतात. जाताना डबा ठेवून या, परत मागू नका. थोडा वेळ बसा.

झाडीपट्टीत, म्हणजे त्याच पूर्वेकडच्या भागात, भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया (जत्रा) सुरू होतात आणि नाटक बघायला घरोघर पाहुणे उतरतात. तिकडच्यांनी दिवाळीनंतरसाठी एक पिंप वेगळं राखून ठेवावं. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीला निघणाऱ्यांच्या शिदोरीत कणकेची बिस्किटं घाला, गर्दीत ताट मांडायला जागा नसते.

दिवाळीत सोयाबीन काढणी आणि वेचणी सुरू असते. वेळ कुठून आणायचा?

काम तोडून करा. कोरडं साहित्य एका रविवारी मोजून, मिसळून डब्यात भरा. ते पंधरा दिवस राहतं. एका रात्री तूप फेसून गोळे करा. फ्रिज असेल तर गोळे ताटलीत दोन दिवस राहतात. तिसऱ्या दिवशी फक्त भाजायचं. आणि हे एकट्या बाईचं काम नाही. तूप फेसायला जोर लागतो, तो घरातल्या पुरुषांच्या हातात आहे. शेंगा सोलतात तशी लेकरं गोळे वळतात.

पुण्या-मुंबईला पाठवायची आहेत. तुटू नयेत म्हणून काय करू?

नानकटाई पाठवू नका, भुगा पोचेल. कणकेची जाड बिस्किटं चळत करून कागदात गुंडाळा, डब्यात उभी लावा आणि मधल्या जागेत मुरमुरे भरा. डबा हलवल्यावर आवाज येता कामा नये. पोरगं मुरमुऱ्यांचा चिवडा करून खाईल.

किती दिवस टिकतात? नरम पडली तर?

तुपाची, दूध न घातलेली नानकटाई दिवाळीच्या हवेत घट्ट डब्यात पंधरा-वीस दिवस. दूध घातलेली आठ-दहा दिवस. जवसाची आठवडा. नरम पडलेली बिस्किटं १५० अंशावर पाच-सहा मिनिटं किंवा मंद कढईत ठेवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात. खवट वास आला तर गरम करूनही जात नाही, टाकून द्या. ओल्या हाताने डब्यात हात घालायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

लोक विकत मागतात. विकावी का?

विका. पण विकायची म्हटलं की अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी लागते, घरातून आणि थोडीच विकली तरीही. बचत गटातून करत असाल तर उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) तालुका कक्षात विचारा, आणि प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात. भाव काढताना तूप आणि पिठासोबत गॅस, पुडी आणि तुमचे तास धरा. बाया स्वतःची मजुरी शून्य धरतात, म्हणून भाव पडतो. पाकिटावर काय काय घातलंय ते आणि केल्याची तारीख लिहा. शेंगदाणा, तीळ, दूध, गहू असेल तर ठळक लिहा, काहींना त्याचा त्रास होतो.

बोहणीच्या घाण्यातली पहिली बिस्किटं देवापुढे ठेवायची की आधी चाखायची?

घराची जी रीत असेल ती. फक्त पूर्ण गार झाल्यावर ठेवा. गरम बिस्किट उचलताना मोडतं, आणि चवही गार झाल्यावरच कळते.